पत्रक छापायला आलंय: हिटलर, बंदुका आणि 'ज्यूंचा कट'. यातलं खरं किती?

कोर्टाजवळचा_डीटीपी (सोलापूर)

नमस्कार मंडळी. विषय लांबचा आहे, पण माझ्या टेबलावर येऊन पडलाय म्हणून विचारतो.

सोलापुरात कोर्टाजवळ माझं झेरॉक्स-डीटीपीचं छोटं दुकान आहे. प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, वारसनोंदीचे अर्ज, लग्नपत्रिका, 'भावपूर्ण श्रद्धांजली'चे फ्लेक्स, जे येईल ते करतो. बंदूक परवान्याचे अर्जही भरून देतो, त्यामुळं त्या वाटेची गिऱ्हाइकं ओळखीची आहेत. त्यातलेच एक सर परवा आले. निवृत्त आहेत, खातं सांगत नाही. मोहोळकडं शेत, शेतात वस्ती, वस्तीवर चोऱ्या झालेल्या. वडिलांच्या काळापासूनची बाराबोअर आहे. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करायची, आचारसंहिता उठली की सोडवून आणायची. त्यात यंदा नूतनीकरणाची फाईल कुठल्याशा टेबलावर बसलीय ती उठायलाच तयार नाही. माणूस वैतागलाय, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

मुलगा टेक्सासला असतो. तो तिकडून फॉरवर्ड पाठवतो, सर इकडं वाचतात. ते सगळं जुळवून सरांनी दोन पानांचं मॅटर हातानं लिहून आणलंय. ए-फोर, पाठपोट, ७० जीएसएम, रिसोवर पाचशे कॉप्या. संभाजी तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांत आणि त्यांच्या निवृत्तांच्या संघात वाटायचंय.

टाइप करताना मी मॅटर वाचत नाही. बोटं चालतात, डोकं दुसरीकडं असतं. प्रूफ बघताना मात्र वाचावंच लागतं, आणि तिथं अडकलो.

पान एकवर वरतीच चौकटीत, ठळक टायपात हिटलरचं १९३५ सालचं वाक्य आहे: इतिहासात पहिल्यांदाच एका सुसंस्कृत देशात बंदुकांची पूर्ण नोंदणी झाली, आता आमचे रस्ते सुरक्षित होतील, वगैरे. खाली यादी. तुर्कस्तान १९११, रशिया १९२९, चीन १९३५, जर्मनी १९३८, कंबोडिया १९५६. प्रत्येक ठिकाणी आधी सरकारनं बंदुका काढल्या, मग लाखो माणसं मारली. जर्मनीच्या पुढं लिहिलंय: 'ज्यूंकडे बंदुका नव्हत्या म्हणून ६० लाख मेले.'

पान उलटा. पान दोनवर मथळा आहे 'पडद्यामागे कोण?' तिथं म्हणे ६० लाखांचा आकडाच खोटा, ज्यूंनी सहानुभूतीसाठी रचलेला. रशियन क्रांती ज्यूंनी केली, स्टालिनच्या कत्तली त्यांच्याच. अमेरिकेत बंदुकांवर बंदी आणायला निघालेत तेही ज्यूच. मागे रॉथशिल्ड या ज्यू बँकवाल्या घराण्याचा पैसा, आणि सगळा बेत 'प्रोटोकॉल्स' नावाच्या गुप्त पुस्तकात आधीच लिहिलेला. शेवटी गांधीजींचं एक वाक्य, की ब्रिटिशांचं सगळ्यात काळं कृत्य म्हणजे शस्त्रबंदीचा कायदा.

आता मी बारावी पास माणूस. घरात तेलुगू, दुकानात मराठी, इतिहास शाळेत सोडला तो सोडलाच. पण पाठपोट छापायचं म्हटल्यावर दोन्ही बाजू एकाच कागदावर येणार ना? पुढच्या बाजूला ६० लाख मेले म्हणून हळहळ, आणि तोच कागद उलटला की ते मेलेच नाहीत? पुढं ज्यूंच्या बंदुका काढल्या म्हणून संताप, मागं ज्यूच बंदुका काढतायत म्हणून संताप? सरांना तसं म्हणालो, तर म्हणाले, "तू टाइप कर रे, तुला त्यातलं कळायचं नाही."

कुणाला कळत असेल तर सांगा. वाक्य खरं आहे का, यादी खरी आहे का, गांधीजी खरंच तसं म्हणाले का. प्रूफवर सही अजून व्हायची आहे.

---

गड्ड्यावरचा_पाळणा

का बे, पाचशे कॉप्यांचं गिऱ्हाईक दारात आलंय आणि तू इतिहास तपासत बसलास? लग्नपत्रिकेत 'चि. सौ. कां.' लावतोस तेव्हा मुलीच्या जन्माचा दाखला मागतोस का? ॲडव्हान्स घेतलाय ना? मग छाप आणि मोकळा हो.

---

कोर्टाजवळचा_डीटीपी (सोलापूर)

दाखला मागत नाही, खरंय. पण पत्रिकेत मुलीचं नाव एका बाजूला एक आणि पाठीमागं दुसरंच आलं तर फोन तरी करतोच की. शिवाय पत्रकाच्या तळाला माझ्या दुकानाचं नाव जातं. तलावावर माझा मामाही फिरायला येतो.

---

मास्तर_रेल्वेलाईन्स

पस्तीसेक वर्षं इतिहास शिकवला, त्यामुळे लांबण लावतो, सांभाळून घ्या.

चौकटीतलं वाक्य आधी घेतो, कारण सरांनी तेच सगळ्यात मोठ्या टायपात मागितलंय. हिटलरनं १९३५ साली असं म्हटल्याचा कुठलाही पुरावा नाही. असायचं कारणही नाही, कारण त्या वर्षी जर्मनीत बंदूकनोंदणीचा कायदा झालाच नव्हता. १९३५ मध्ये झाले ते न्यूरेंबर्गचे कायदे: ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणारे, ज्यू आणि बिगरज्यू यांच्यातल्या लग्नाला बंदी घालणारे. म्हणजे ज्या वर्षी खरोखर भयंकर कायदे झाले, नेमकं तेच वर्ष उचलून त्याला बंदुका चिकटवल्या आहेत.

आता खरा क्रम. पहिलं महायुद्ध हरल्यावर, जानेवारी १९१९ मध्ये, जर्मनीतल्या नव्या लोकशाही सरकारनं सरसकट सगळ्यांनाच शस्त्रं जमा करायला सांगितलं. तेव्हा हिटलर कोण हे कुणाला माहीतही नव्हतं. १९२८ मध्ये सरसकट बंदी जाऊन परवाना पद्धत आली. विकत घ्यायला परवाना, बाळगायला परवाना, साधारण आपल्याकडं आहे तसंच. हिटलर १९३३ च्या जानेवारीत सत्तेवर आला आणि पाच वर्षं हाच कायदा वापरत राहिला. नात्सींचा स्वतःचा कायदा आला १८ मार्च १९३८ ला. तो वाचला तर सर चकित होतील. रायफल, शॉटगन, काडतुसं यांच्या खरेदीला परवानाच लागेनासा झाला, तो फक्त पिस्तूल-रिव्हॉल्व्हरपुरता उरला. वयाची अट २० वरून १८ वर आली. परवान्याची मुदत एका वर्षाची तीन वर्षं झाली. शिकारीचा परवाना असणाऱ्यांना आणि पक्षाच्या मंडळींना सवलती मिळाल्या. सरांची बाराबोअर त्या कायद्यात सुखानं राहिली असती, सर जर 'योग्य' वंशाचे असते तर.

कारण त्याच कायद्यानं ज्यूंना शस्त्रं बनवण्याच्या आणि विकण्याच्या धंद्यातून हाकललं. मग ९ आणि १० नोव्हेंबरला देशभर ज्यूंची दुकानं फोडली, सिनेगॉग म्हणजे त्यांची प्रार्थनास्थळं जाळली, आणि लगेच ११ तारखेला हुकूम निघाला की ज्यूनं बंदूक, काडतूस, सुरा, अगदी सोटासुद्धा जवळ ठेवायचा नाही. तेव्हा 'हिटलरनं जनतेच्या बंदुका काढल्या' हे निम्मं उलटं आहे. आपल्या माणसांना त्यानं बंदुका सोप्या केल्या आणि ज्यांना चिरडायचं होतं त्यांच्याकडून काठ्यासुद्धा काढून घेतल्या.

सरांच्या बाजूनं एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, नाहीतर ते आपलं ऐकणार नाहीत. नोव्हेंबर १९३८ च्या त्याच दिवसांत बर्लिनच्या पोलीसप्रमुखानं जाहीर केलं होतं की शहरातल्या ज्यूंकडून १,७०२ बंदुका, २,५६९ धारदार शस्त्रं आणि सुमारे २०,००० काडतुसं जमा झाली. परवान्यांच्या जुन्या नोंदी पोलिसांच्या हातात होत्या. लोकशाही सरकारनं चांगल्या हेतूनं ठेवलेली नोंदवही नंतरच्या गुंडांना कामाला आली. हे घडलं आहे, ते नाकारू नये.

पण त्या बंदुका घरात राहिल्या असत्या तर काय झालं असतं? १९३३ मध्ये जर्मनीत ज्यू होते पाच लाखांच्या थोडे वर, लोकसंख्येच्या एक टक्क्याहून कमी. त्यातले निम्म्याहून जास्त तर महायुद्ध सुरू होण्याआधी देश सोडून गेले. मारलेल्या ६० लाखांतले बहुतेक जर्मन नव्हतेच. एकट्या पोलंडमधले सुमारे ३० लाख. त्या पोलंडकडं तोफा, घोडदळ, विमानं आणि दहा लाखांच्या आसपास सैन्य होतं. १ सप्टेंबर १९३९ ला हल्ला झाला आणि पाच आठवड्यांत सगळं संपलं. फ्रान्स सहा आठवडे टिकला. वॉर्सा घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, १९ एप्रिल १९४३ ला ज्यू तरुण-तरुणींनी खरोखर बंदुका उचलल्या. काही शे जण, चोरून आणलेली पिस्तुलं, हातबॉम्ब, पेट्रोलच्या बाटल्या. जवळपास महिनाभर त्यांनी जर्मन सैन्याला दमवलं. शेवटी जर्मनांनी घर न घर पेटवून दिलं आणि १६ मे ला मोठं सिनेगॉग सुरुंगानं उडवलं. त्यांच्या धाडसाला तोड नाही. पण 'बंदुका असत्या तर वाचले असते' असं त्यावरून म्हणता येत नाही.

यादीचं म्हणाल तर ती फार जुनी आहे, इंटरनेट आलं तेव्हापासून फिरतेय. कंबोडियाचंच घ्या. लाखो माणसं मारणारे ख्मेर रूज हे तिथले कम्युनिस्ट सत्तेवर आले १९७५ मध्ये, पाच वर्षांच्या यादवी युद्धानंतर. तोवर तो देश बंदुकांनी भरून वाहत होता, आणि यादी बोट दाखवते १९५६ कडं! चीनमध्ये १९३५ साली तर सरदार, कम्युनिस्ट, चँग कै-शेकचं सैन्य, सगळेच हत्यारबंद होते. आपले डॉ. कोटणीस १९३८ मध्ये सोलापूरचं नाव घेऊन तिकडं गेले ते गोळ्यांच्या जखमा बांधायलाच. रशियात बोल्शेविकांनी शस्त्रं जमा करायचा हुकूम काढला तो डिसेंबर १९१८ मध्ये. १९२९ कुठून आलं ते यादीवाल्यांनाच ठाऊक. आणि १९३७-३८ मध्ये स्टालिननं गोळ्या घातल्या त्यांत लाल सैन्याचे सेनापती होते. मार्शल तुखाचेव्हस्कीच्या हाताखाली रणगाडे होते, तरी जून १९३७ मध्ये त्याला भिंतीला उभं केलं.

---

बाराबोअर_बार्शी

मास्तर, मान आहे, पण थोडं थांबा. मीही परवानाधारक आहे. वस्तीवर रात्री कुत्री भुंकायला लागली आणि पोलीस वीस किलोमीटरवर असले की कसं वाटतं ते शहरात बसून कळत नाही. ज्यूंबिंचं मला काही माहीत नाही, पण निःशस्त्र जनतेला सरकार कसं वागवतं ते सोलापूरकरांना कुणी शिकवायला नको. १९३० चा मार्शल लॉ इथंच लागला. गांधी टोपी घातली तरी पकडत होते. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. लोकांकडं बंदुका असत्या तर ब्रिटिशांची हिंमत झाली असती का? आणि गांधीजींचं वाक्य खोटं आहे का, तेवढं सांगा.

---

मास्तर_रेल्वेलाईन्स

वाक्य खोटं नाही. आत्मचरित्रात आहे. पण कुठं आहे ते बघा: पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ मध्ये, गांधीजी खेडा जिल्ह्यात ब्रिटिश सैन्यात भरती व्हा म्हणून गावोगाव हिंडत होते, त्या पत्रकातलं ते आहे. त्यांचं म्हणणं असं की शस्त्रबंदी उठावी असं वाटत असेल तर आत्ता सरकारला मदत करा, विश्वास निर्माण होईल आणि बंदी जाईल. सरकारविरुद्ध बंदूक धरा असं तिथं सुचवलेलंही नाही. अमेरिकेतले लोक पहिलं वाक्य घेतात आणि पुढचं सोडून देतात.

१८७८ चा आर्म्स ॲक्ट अन्यायाचाच होता, युरोपियनांना सूट आणि आपल्याला बंदी. त्यावर चिडायचा हक्क तुम्हाला आहे. मार्शल लॉबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. मे १९३० मध्ये सोलापुरात काही दिवस सरकारच उरलं नव्हतं, ते गिरणी कामगार आणि साध्या लोकांनी रस्त्यावर उतरून घडवलं. बंदुका इंग्रजांकडं होत्या आणि तरी पळ काढावा लागला तो त्यांनाच. नंतर लष्कर आणून त्यांनी सूड उगवला. बंदुकधारी सोलापूर लष्करापुढं टिकलं असतं का, यावर आपण चहा घेत वाद घालू. पण त्या चौघांच्या फाशीत ज्यूंचा काय संबंध? पत्रकाची गोम तिथंच आहे. तुमचा राग खरा आहे, सरांच्या वस्तीवरची चोरीही खरी आहे. पान एक तो राग गोळा करतं आणि पान दोन तो भलत्याच दारात नेऊन ओततं.

---

बाराबोअर_बार्शी

ते पटलं. चहा तुमच्याकडे.

---

कोर्टाजवळचा_डीटीपी (सोलापूर)

मास्तर, पान एकवर लाल पेन फिरवून झालं. पान दोनचंही सांगा की. सर म्हणतात, 'प्रोटोकॉल्स' हे छापील पुस्तक आहे, छापलेलं खोटं कसं असेल? (छापणाऱ्यालाच हे विचारतायत. मी दिवसाला किती खोटं छापतो ते त्यांना काय माहीत.)

---

मास्तर_रेल्वेलाईन्स

तुमच्या धंद्याचीच गोष्ट आहे ती, म्हणून सविस्तर सांगतो.

हे 'प्रोटोकॉल्स' पहिल्यांदा छापलं गेलं १९०३ मध्ये, सेंट पीटर्सबर्गच्या एका वर्तमानपत्रात. ज्यूंच्या वडीलधाऱ्यांनी गुप्त बैठक घेऊन जग ताब्यात घ्यायचा बेत आखला आणि हे त्याचं इतिवृत्त, असा दावा. पहिल्या महायुद्धानंतर ते युरोपभर पसरलं. मग १९२१ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या 'टाइम्स'चा कॉन्स्टँटिनोपलचा बातमीदार फिलिप ग्रेव्हज याच्या हाती एक जुनं फ्रेंच पुस्तक लागलं. मोरिस जोली नावाच्या वकिलानं १८६४ मध्ये तिसऱ्या नेपोलियनची खिल्ली उडवायला लिहिलेला तो एक संवाद होता, नरकात मॅकियाव्हेली आणि माँतेस्क्यू हे दोन जुने राजकीय विचारवंत बोलतायत असा. त्यात ज्यूंचा कुठंही उल्लेख नाही. ग्रेव्हजनं काय केलं, तर दोन रकाने समोरासमोर लावले. डावीकडं जोली, उजवीकडं प्रोटोकॉल्स. परिच्छेदामागून परिच्छेद तेच. नेपोलियनच्या जागी ज्यू घातले, झालं गुप्त पुस्तक. अमेरिकेत मोटारवाल्या हेन्री फोर्डनं आपल्या साप्ताहिकातून हा माल कित्येक वर्षं विकला आणि १९२७ मध्ये जाहीर माफी मागितली. माफी कुणी वाचली नाही, माल अजून फिरतोय.

रॉथशिल्डची जी गोष्ट सांगतात, की वॉटर्लूच्या लढाईची बातमी आधी कळवून घेऊन त्यानं लंडनचा शेअर बाजार लुटला, तिचा उगमही एका पत्रकात आहे. १८४६ मध्ये पॅरिसला 'सैतान' अशा टोपणनावानं निघालेलं. त्यात नेथन रॉथशिल्ड स्वतः रणांगणावर हजर होता आणि वादळात समुद्र ओलांडून गेला असं रंगवलंय. तो माणूस त्या वेळी लंडनमध्येच होता.

रशियाचं अर्धं खरं, म्हणून जास्त धोक्याचं. ट्रॉट्स्की, झिनोव्हिएव्ह, कामेनेव्ह हे क्रांतीतले पुढारी ज्यू घरातले होते, बरोबर. मग पुढं बघा. झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्हला स्टालिननं ऑगस्ट १९३६ मध्ये गोळ्या घातल्या. ट्रॉट्स्कीला १९४० मध्ये मेक्सिकोत माणूस पाठवून मारलं. जानेवारी १९५३ मध्ये तर डॉक्टरांच्या कटाचा बनाव रचून, बहुतेक ज्यू असलेल्या नामांकित डॉक्टरांना तुरुंगात टाकलं. मार्चमध्ये स्टालिन मेला म्हणून ते सुटले. स्टालिन स्वतः जॉर्जियन, पाद्री व्हायला शिकत होता.

६० लाखांबद्दल. आकडा ज्यूंनी रचला म्हणणाऱ्यांना एक तार दाखवावी. ११ जानेवारी १९४३ ला हेर्मान हॉफ्ले या नात्सींच्या एसएस दलातल्या अधिकाऱ्यानं वरिष्ठांना हिशेब पाठवला. इंग्रजांनी तो वायरलेस पकडून उलगडला आणि कागद दप्तरात पडून राहिला. इतिहासकारांच्या नजरेस आला तो २००० साली. पोलंडमधल्या छळछावण्यांत १९४२ अखेरपर्यंत पोचवलेल्यांची बेरीज: १२,७४,१६६. मारणाऱ्यांनी स्वतः केलेली बेरीज आहे ही, सुट्या सहासकट. डेव्हिड आयर्व्हिंग नावाच्या लेखकानं आपल्याला ज्यूंचा संहार नाकारणारा म्हटलं म्हणून लंडनच्या कोर्टात लावलेला दावा त्याच २००० सालात निकाली निघाला. कोर्टानं त्याचे संदर्भ तपासून काढले आणि तो हरला.

अमेरिकेतला १९६८ चा बंदूक कायदा कशामुळं आला? केनेडींना मारलं ती रायफल टपालानं मागवलेली होती. त्यानंतर १९६८ मध्ये दोन महिन्यांच्या अंतरानं मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी मारले गेले. ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सननं सही केली आणि टपालानं राज्याबाहेरून बंदुका मागवणं बंद झालं. पुढच्या कायद्यांना पाठिंबा देणाऱ्यांत ज्यू खासदार होते, बिगरज्यू त्याहून कितीतरी जास्त होते. गंमत म्हणजे १९६८ चा कायदा नात्सींची नक्कल आहे, असा प्रचार ज्यांनी धडाक्यात केला ती १९८९ मध्ये निघालेली ज्यू बंदूकधारकांचीच संघटना. म्हणजे पान एक त्यांच्याकडून उसनं घेतलं, आणि पान दोनवर त्यांनाच शिव्या.

---

अलिबागची_सोलापूरकरीण

लग्न होऊन इकडं आले, माहेर अलिबागजवळ. एक सांगू का, पत्रकातले 'ज्यू' वाचून मला आमच्या गावचे शनवार तेली आठवतात. बेने इस्रायल. नवगावला त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं अशी त्यांची कथा आहे. तेल काढायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून ते नाव. बोलणं आपल्यासारखं मराठी, आडनावंही गावांवरून पडलेली, चेऊलकर, राजपूरकर. सिनेमातले डेव्हिड चेऊलकरच. मुंबईत डॉ. ई. मोझेस रोड आहे ना, ते डॉ. मोझेस १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर होते. तिकडं जर्मनीत काय चाललं होतं आणि इकडं काय, हे तारखा जुळवून बघा.

आणि हे नुसतं वाचून सोडून द्यायचं नसतं हो. २६/११ ला दहशतवादी कुलाब्याच्या गल्लीत शिरून नरीमन हाऊस हे ज्यूंचं केंद्र शोधत का गेले? २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये ११ जणांना ज्यानं मारलं, तो आत शिरायच्या आधी इंटरनेटवर ज्यूंच्या कटाबद्दलच लिहून गेला होता.

---

ॲड_सातरस्ता

कायद्याचं थोडक्यात: धर्म, वंश यांवरून दोन समाजांत वैर वाढेल असा मजकूर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली येतो, जुनं १५३अ. छापणाऱ्यालाही त्यात ओढता येतं. आणि महाराष्ट्रानं २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिलाय, तेव्हा 'इथं कोण आहेत ज्यू' हा बचाव चालायचा नाही. सरांना हे सांगू नका मात्र. कलम काढलं की म्हातारी माणसं हटून बसतात आणि 'बघा, बोलूही देत नाहीत' म्हणतात. मास्तरांचे कागद दाखवा.

---

कोर्टाजवळचा_डीटीपी (सोलापूर)

वकीलसाहेब, कलम काढलं नाही. आज दुपारी सर आले, कोर्टाची गर्दी ओसरल्यावर. प्रूफ समोर ठेवलं आणि मास्तरांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. १९३८ च्या कायद्यात रायफलला परवाना लागत नव्हता म्हटल्यावर सरांनी चष्मा काढला, पुसला, म्हणाले, "हे मला कुणी सांगितलंच नाही." चौकट त्यांनी स्वतः माझ्या लाल पेननं खोडली. कंबोडिया, चीन, रशियाही खोडले. तुर्कस्तानवर थांबले, म्हणाले, आर्मेनियन लोक तर मेले ना? मेले म्हटलं, १९१५ पासून पुढं, लाखोंनी. पण व्हान शहरात त्यांनी बंदुका घेऊन मुकाबला केला आणि सरकारनं तोच बहाणा करून बाकीच्यांना बाहेर काढलं, हे मी रात्री वाचलं होतं.

पान दोनवर मात्र गाडी अडली. हॉफ्लेची तार मान्य, स्टालिनचं मान्य, पण "रॉथशिल्डचं काहीतरी असणारच रे, एवढा पैसा आहे म्हटल्यावर" यावरून माणूस हलेना. मुलानं पाठवलंय ते खोटं कसं म्हणायचं, हीच खरी अडचण आहे बहुतेक. मी विचारलं, खोडल्यावर पान एकवर उरलं काय? चोरी आणि फाईल. तेवढं वेगळ्या कागदावर लिहून द्या, नूतनीकरणाला उशीर का होतोय म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज टाकू, टायपिंगचे पैसे घेत नाही. त्याला हो म्हणाले. ॲडव्हान्स परत घेतला नाही, त्यातच अर्जाचं बघ म्हणाले.

पान दोन घडी करून खिशात घालून नेलंय. रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल असतो, त्याला विचारतो म्हणाले. तर मास्तर, एक काम करा. त्या ग्रेव्हजनं लावले तसे दोन रकाने मला मराठीत लावून द्यायचेत, डावीकडं जोली, उजवीकडं प्रोटोकॉल्स. दोन-तीन परिच्छेदांचा मजकूर मिळेल का? मराठी तुम्ही करा, मी शनिवारी संध्याकाळपर्यंत ए-थ्रीवर सेट करून सरांच्या घरी पोचवतो. टाइप १६ पॉइंट ठेवतो, म्हणजे मोबाईलच्या कॅमेऱ्यातून टेक्सासलाही वाचता येईल.